शेपटीचा गोंडा

आरेतल्या एका तबेल्यात मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो.
म्हशीच्या डाव्या कुशीवर टिचकी मारली
की आत वारा किती, ते बोटालाच कळायचं.

लसूणघासाचा ट्रक वसईहून पहाटे यायचा,
दवाने ओला, कोवळा.
उपाशी म्हशींपुढे तो तसाच पडला
की पोटात फेस धरायचा, धुण्याच्या बादलीसारखा,
आणि ढेकर अडायचा.
मग गोडेतेल, हिंग,
आणि काहीच चाललं नाही तर ट्रोकार:
कुशीत एक भोक, एक लांब शिट्टी,
शेजारी कासमभाईंचा अडलेला श्वास.
दोन्ही वारे एकदमच सुटायचे.

नुसतं गोड खाल्लं तर असं होतं.
थोडं तुरट सोबत असेल तर फेस धरत नाही,
हे मला कुठल्या वहीने नाही,
मेलेल्या दोन म्हशींनी शिकवलं.

झाडाला पळता येत नाही.
शिंग नाही, लाथ नाही.
मग ते पानातच काही कडू साठवतं
आणि खाणाऱ्याला म्हणतं, पुरे, आता पुढे हो.
शेळीला ते ऐकू येतं.
दाव्याला बांधलेली म्हैस
पुढे होऊन जाणार कुठे?

त्या वर्षी चारा महागला.
रस्त्याकडेची सुबाभूळ मात्र फुकट,
महापालिकेने छाटावी आणि तिने पुन्हा उगवावं.
रामदुलार रोज दोन हातगाड्या भरून आणायचा.
पहिल्या महिन्यात दूध वाढलं,
कासमभाईंनी पेढे वाटले.
पुढे एकदा नूरीच्या शेपटीचा गोंडा
माझ्या मुठीत राहिला.
ओढला नव्हता हो. नुसता बाजूला करत होतो.

मग मानेवरचे केस. मग तोंडातून लाळ.
गळ्याखाली लिंबाएवढी गाठ.
नूरी उघडी शेपटी हलवत राहायची
आणि माश्या तिला हसत बसायच्या.

डॉक्टर ऐनापुरेबाई परळहून आल्या.
औषधाच्या खोक्यावर त्यांनी एक शब्द लिहिला, मिमोसिन.
मला ते एखाद्या मुलीचं नाव वाटलं,
शाळेत पहिल्या बाकावर बसणाऱ्या.

पाड्यावरची देवली वरठा कुंपणाशी उभी होती.
तिच्या नऊ शेळ्या, पिढ्यान् पिढ्या
तीच सुबाभूळ ओरबाडणाऱ्या,
अंगावर केस असे की तेल लावल्यासारखे.
बाईंनी विचारलं, यांना कसं काही होत नाही?
देवली म्हणाली, त्या एका झाडाशी थांबत नाहीत.
थोडं इथलं, थोडं करवंदीचं, थोडं माझ्या साडीचं.
नंतर जरा थांबून,
आणि पोटात त्यांच्या कोणीतरी राहतं. जुनं.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी नळी मागवली.

शेळीच्या पोटातला हिरवा, आंबूस रस
आम्ही माझ्या चहाच्या थर्मासमध्ये भरला, ऊब जाऊ नये म्हणून,
आणि रामदुलारने नूरीचा जबडा धरला.
एकीच्या पोटातले अदृश्य भाडेकरू
दुसरीच्या पोटात राहायला गेले.
पागडी नाही, करारनामा नाही.
मुंबईत एवढ्या सहज जागा मिळालेलं
मी दुसरं कुणी पाहिलं नाही.

सुबाभूळ बंद केली नाही, कमी केली. कडबा वाढवला.
रस लागला की कडबा, बाईंनाही छातीठोक सांगता आलं नाही.
गाठ बसायला वेळ लागला.
नूरीचं त्या वेळचं रेडकू मात्र गेलं,
ते यात लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं.

थर्मास मी बायकोला घासायला दिला,
काय होतं त्यात ते सांगितलं नाही.
आठ दिवसांनी देवलीनेच सांगितलं.
तेव्हापासून तो माळ्यावर आहे.

आता गोरेगावात आमच्या सोसायटीच्या भिंतीतून
एक सुबाभूळ उगवलीय.
सेक्रेटरी दर मीटिंगला कापा म्हणतात.
संध्याकाळी तिची पानं मिटतात,
मी एक डहाळी तोडून चघळतो, थुंकतो,
आणि उगाच डोक्यावरून हात फिरवून बघतो.